इंजिनाचा उच्छ्वास काय सांगतो?

(रविवारच्या सभेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



आपल्या चिटणिसांनी मला आरोग्याविषयी काही बोलावे असे सुचविले होते. मी विषय कळविला तेव्हा आपण चुकीचे ऐकले असे त्यांना वाटले. निवृत्त परिचारिकेने मोटारीच्या इंजिनावर बोलावे, हे विचित्र दिसते खरे. परंतु अर्धा तास धीर धरून ऐकाल तर हा विषयही आरोग्याचाच आहे, हे आपल्या ध्यानात येईल अशी मला आशा आहे. मी मुंबईस नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि या देशात येऊन उभा जन्म रुग्णांच्या उशाशी काढला. त्या नोकरीत मी प्राणवायूचे मोजमाप शिकले. आपल्या प्रत्येकाच्या दारात उभी असलेली गाडीदेखील तेच मोजमाप क्षणोक्षणी करीत असते, हे मला फार उशिरा कळले. जे कळले ते आज आपल्यासमोर ठेवते.

आरंभ आपल्या घरापासून करू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते नाव. तेव्हा तेल, वात आणि ज्योत यांचे नाते आपणांस परके नाही. आपल्यापैकी ज्येष्ठांनी कंदील हाताळलेला आहे. वात फार वर चढविली की ज्योत तांबूस होते, धूर सोडते आणि काच काजळते. वात फार खाली उतरविली की ज्योत मिणमिणते आणि विझू पाहते. घरातील आजी काचेकडे एक दृष्टी टाकी आणि कंदिलाची चावी किंचित फिरवी. पाहावे, ताडावे, फिरवावे आणि पुन्हा पाहावे, एवढीच ती विद्या. इंजिनातील संगणक हेच करतो. फरक इतकाच की त्याला डोळे नाहीत, म्हणून तो इंजिनाचा उच्छ्वास तपासतो.

आता थोडे गणित. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल याहून अधिक झाले तर मेकॅनिक त्या मिश्रणाला रिच म्हणतात, कमी झाले तर लीन म्हणतात. बरोबर प्रमाण असेल तर त्याला लॅम्डा एक असा अंक देतात. एकाच्या खाली रिच, एकाच्या वर लीन.

पूर्वी हे प्रमाण कार्ब्युरेटर राखीत असे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सींचे मेकॅनिक कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने ऐकून फिरवीत आणि प्लग बाहेर काढून त्याचा रंग पाहत. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. त्यांची कला मोठी होती. पण ती जुळणी त्या दिवसापुरती आणि त्या हवेपुरती. तीच गाडी खंडाळ्याचा घाट चढून वर गेली की हवा विरळ होई, मिश्रण रिच होई आणि गाडी धूर ओकू लागे. वाटेत स्क्रू कोण फिरविणार?

धूर ओकणाऱ्या गाड्या आपण वर्षानुवर्षे सोसल्या. मग अचूकपणाची एवढी निकड कशासाठी निर्माण झाली? याचे उत्तर आहे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गाडीखालच्या नळीत बसविलेली ही चिनी मातीसारखी, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे छिद्रे असलेली वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीने १९७४ साली येथून जवळच, हर्टफर्डशरमधील रॉयस्टन गावी मोटारींच्या कन्व्हर्टरचे उत्पादन सुरू केले.

या कन्व्हर्टरला दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांना त्याने प्राणवायू द्यावयाचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून प्राणवायू काढून घ्यावयाचा. एकाच भांड्यात देणे आणि घेणे ही दोन्ही कामे तेव्हाच साधतात, जेव्हा मिश्रण लॅम्डा एकच्या अगदी निकट असते. जरा रिच झाले की कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो, जरा लीन झाले की नायट्रोजनचे ऑक्साइड निसटतात. इतकी अरुंद वाट कार्ब्युरेटरच्या स्क्रूने राखणे मनुष्याच्या हातचे नव्हते.

ही वाट दाखविणारे यंत्र जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७६ साली बाजारात आणले. त्याला ऑक्सिजन सेन्सर किंवा लॅम्डा सेन्सर म्हणतात. अमेरिकेस पाठविल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम बसला. ब्रिटनमध्ये १९९३ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासोबत हा सेन्सर जवळजवळ अटळ झाला. भारतात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. ही दोन्ही जोडीने यावी लागली, कारण पेट्रोलमधील शिसे कन्व्हर्टरलाही मारते आणि सेन्सरलाही. मुलांच्या मेंदूस शिसे अपायकारक, हे आम्ही परिचारिका सांगत होतोच. येथील पंपांवरून शिशाचे पेट्रोल १९९९ च्या अखेरीस हद्दपार झाले, त्यात यंत्राच्या या नाजूकपणाचाही हात आहे.

आता सेन्सर काम कसे करतो ते पाहू. एक्झॉस्टच्या नळीत, कन्व्हर्टरच्या अलीकडे, स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक तुकडा बसविलेला असतो. त्याच्या टोकाशी शिवणकामातील अंगुस्तानाएवढी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी असते. टोपीच्या बाहेरून इंजिनाचा उच्छ्वास वाहतो, आतल्या बाजूस बाहेरची स्वच्छ हवा असते. झिर्कोनिया सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापले की त्यातून प्राणवायूचे भारित कण सरकू लागतात. दोन बाजूंच्या प्राणवायूत जितका फरक, तितका विजेचा दाब उत्पन्न होतो. यामागचे समीकरण वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ साली, मोटारी नुकत्या जन्मल्या होत्या तेव्हा, मांडून ठेवले होते. मिश्रण रिच असेल तर उच्छ्वासात प्राणवायू उरत नाही, फरक मोठा होतो आणि सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. लीन असेल तर प्राणवायू उरतो आणि दाब ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. मधल्या ०.४५ व्होल्टपाशी तो एकदम उडी घेतो.

ही उडी नीट समजून घ्या. या जुन्या पद्धतीच्या सेन्सरला ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे दोनच शब्द येतात. किती जास्त, किती कमी, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून संगणक एक युक्ती करतो. सेन्सर ‘जास्त’ म्हणाला की इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, जो मुळात सेकंदाच्या काही हजाराव्या भागांएवढाच असतो, तो थोडा घटवीत नेतो. घटविता घटविता सेन्सर ‘कमी’ म्हणतो. मग वाढवीत नेतो. असा हा झोका सेकंदाला साधारण एकदा किंवा त्याहून अधिक वेळा चालतो आणि त्या झोक्याचा मध्य बरोबर लॅम्डा एकवर पडतो. पाळणा हलत असतो, पण तो जागा सोडीत नाही. कन्व्हर्टरमध्ये सेरियम धातूचे संयुग असते. ते लीन क्षणी प्राणवायू साठविते आणि रिच क्षणी परत देते, म्हणून हा झोका त्याला मानवतो. नव्या गाड्यांतील सेन्सर किती जास्त, किती कमी हेही सांगतात, परंतु तत्त्व तेच.

संगणक या दुरुस्त्यांची नोंदही ठेवतो. क्षणाची दुरुस्ती निराळी आणि सवयीची निराळी. समजा रोजच चार टक्के पेट्रोल अधिक द्यावे लागते, तर ते चार टक्के तो कायमच्या वहीत लिहून घेतो. मेकॅनिक या नोंदीला फ्युएल ट्रिम म्हणतात. आमच्या वॉर्डातील रुग्णाच्या तक्त्यासारखी ती असते. शून्याच्या आसपास असली की प्रकृती ठीक. दहा टक्क्यांच्या पलीकडे सतत राहू लागली की कुठेतरी आजार आहे. याहून पुढे गाडीगणिक ठरलेली मर्यादा ओलांडली की समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा-नारिंगी दिवा लागतो.

या व्यवस्थेची थोरवी आपण सर्वांनी नकळत अनुभविली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधील सामान्य पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढले. पंपावर ई-टेन लिहिलेले असते ते हेच. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे हवेचे प्रमाण सुमारे १४.१ वर आले. लाखो गाड्यांचे गणित एका हंगामात बदलले, आणि स्क्रू फिरविण्यासाठी कोणासही गॅरेजपुढे रांग लावावी लागली नाही. सेन्सरने उच्छ्वास तपासला, वहीत दोन-तीन टक्के वाढले आणि काम भागले.

परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवावी. थंड इंजिनात सेन्सर मुका असतो. तो तापेपर्यंत संगणक आठवणीतल्या कोष्टकावरून, अंदाजाने पेट्रोल देतो, आणि थंड इंजिनाला ते अधिकच द्यावे लागते. कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याविना काम करीत नाही. सेन्सरमध्ये विजेची तार घालून त्याला लवकर तापवितात, तरी पहिली एक-दोन मिनिटे सर्वांत घाणेरडी असतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणण्यासाठी काढलेली गाडी तिचे बहुतेक अंतर याच अवस्थेत तोडते.

येथे मला माझा व्यवसाय आठवतो. आपल्या शरीरातही असाच पहारा आहे. मेंदू श्वासाची गती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडवरून ठरवितो आणि मानेतील धमन्यांपाशी प्राणवायू तपासणाऱ्या इवल्याशा गाठी असतात. रुग्णालयात आम्ही त्याच न्यायाने वागतो. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावायचा, आकडा पाहायचा आणि प्राणवायूचा प्रवाह त्याप्रमाणे कमी-जास्त करायचा. बहुतेक आजारी प्रौढांसाठी ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य असते. फुप्फुसाच्या जुनाट विकारात ८८ ते ९२ पुरे, कारण तेथे अधिक प्राणवायू देणेही घातक ठरू शकते. जास्त म्हणजे चांगले, हे औषधालाही लागू नाही आणि पेट्रोललाही नाही.

आणि दोन्हीकडे फसगतीची जागाही एकच आहे. बोटाच्या चिमट्याला प्राणवायूने भरलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त यांतला भेद कळत नाही. बंद गॅरेजमध्ये गुदमरलेल्या माणसाच्या बोटावर तो ९८ दाखवील आणि माणूस मरणाच्या दारी असेल. काळ्या-सावळ्या त्वचेवर हा चिमटा खऱ्याहून चढा आकडा दाखवू शकतो, हे वैद्यकीय उपकरणांतील समतेविषयी येथील सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२४ च्या अहवालात स्पष्ट नोंदविले आहे. आपल्या घरांतील वृद्धांसाठी हे जाणून ठेवावे. म्हणून आम्हांला पहिल्या वर्षीच शिकविले जाई की उपचार आकड्यावर करू नये, रुग्णावर करावा.

ऑक्सिजन सेन्सरही केवळ प्राणवायू पाहतो, पेट्रोल पाहत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही असे समजा. पेट्रोल न जळता बाहेर येईल, पण त्याच्यासोबतचा प्राणवायूही न जळता येईल. सेन्सर म्हणेल, ‘प्राणवायू उरला आहे, मिश्रण लीन आहे.’ संगणक आज्ञाधारकपणे आणखी पेट्रोल ओतील. आधीच नळीतून पेट्रोल वाहते आहे आणि वरून आणखी! ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि ती महागडी वीट वितळवून टाकते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा नारिंगी दिवा लागला. एका गॅरेजने यंत्र जोडले, ‘लीन’ असा सांकेतिक क्रमांक निघाला आणि सेन्सर बदलावा लागेल असे मला सांगण्यात आले. मी विचारले, सेन्सर खोटे बोलतो हे कशावरून? उत्तर मिळाले की संगणकच तसे म्हणतो. संगणक तसे म्हणत नव्हता. त्याची तक्रार लीन मिश्रणाची होती, कारण त्याने सांगितलेले नव्हते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखाच हा सल्ला. मी गाडी दुसऱ्या एका लहानशा गॅरेजमध्ये नेली. तेथील वयस्क मेकॅनिकने आधी फ्युएल ट्रिम पाहिली. ती अठरा टक्के अधिक होती. मग त्याने इंजिन थंड असताना सुरू केले, मागची नळी जाड फडक्याने क्षणभर दाबून धरली आणि वाकून कान दिला. पुढे, इंजिनाच्या जोडापाशी, फुस्स असा आवाज येत होता. एक गॅस्केट तडकली होती, सेन्सरच्या अलीकडे. एक्झॉस्टचा प्रवाह धडधडत जातो, त्या धडधडीत अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसत होती आणि तो प्रामाणिकपणे ‘लीन’ म्हणत होता. इंजिन मात्र प्रत्यक्षात रिच चालत होते आणि पेट्रोल व्यर्थ जात होते. गॅस्केट बदलली आणि आठवडाभरात ट्रिम दोन टक्क्यांवर आली. सेन्सर तोच आहे.

आपण म्हणाल, हा चार पैशांच्या पेट्रोलचा प्रश्न झाला. तसे नाही. लंडनच्या लुइशम भागात साउथ सर्क्युलर या रहदारीच्या रस्त्याजवळ एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी राहत होती. तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती वारली. तिच्या आईने हार न मानता पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनर फिलिप बार्लो यांनी निर्णय दिला की तिच्या मृत्यूस हवेच्या प्रदूषणाचाही हातभार होता. रस्त्यावरील त्या विषारी हवेत डिझेल गाड्यांचा वाटा मोठा असतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बिघडलेली पेट्रोल गाडीही त्याच हवेत तीच विषे मिसळते. दम्याचा झटका आलेले मूल रात्रभर उशाशी बसून ज्याने पाहिले आहे, त्याला या बाबतीत टक्केवारीचा वाद घालवत नाही.

कायदा याकडे लक्ष देत नाही काय? देतो, पण वर्षातून एकदा. एमओटीमध्ये कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीचा लॅम्डा बहुधा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि मे २०१८ पासून, १ जुलै २००३ नंतर प्रथम वापरात आलेल्या पेट्रोल गाडीचा इंजिनाचा दिवा लागलेला असेल तर ती नापास होते. ऑगस्ट २०२३ पासून सर्व लंडनला लागू झालेले यूलेझ गाडीचा कागदावरचा दर्जा पाहते. युरो चार दर्जाची पेट्रोल गाडी साडेबारा पौंड न भरता आत येते, मग तिचा सेन्सर आज धड असो वा नसो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पहारा आपणच करावयाचा आहे.

म्हणून परिचारिकेच्या सवयीने चार सूचना देते.

दिवा स्थिर लागला असेल तर आठवड्याच्या आत गाडी दाखवावी. दिवा लुकलुकत असेल तर वेग उतरवून सुरक्षित जागी थांबावे, कारण तेव्हा ठिणगी चुकत असते आणि कन्व्हर्टर जळत असतो.

गॅरेजमध्ये केवळ सांकेतिक क्रमांक ऐकून पैसे देऊ नयेत. ‘फ्युएल ट्रिम किती आहे? कुठे हवा शिरते आहे का, ते पाहिले का?’ हे दोन प्रश्न विचारावे. सेन्सर खरोखरच म्हातारे होतात आणि बदलावेही लागतात, परंतु तो निर्णय तपासणीनंतरचा आहे.

एमओटीच्या आदल्या दिवशी यंत्राने दिवा पुसून घेऊ नये. दिव्याबरोबर संगणकाची शिकलेली वहीही पुसली जाते आणि आजार तसाच राहतो.

आणि शेवटची सूचना या दाराबाहेरची. प्रार्थनेनंतर निरोप घेताना आपण अर्धा-अर्धा तास बोलत उभे राहतो, ही आपली जुनी प्रेमळ खोड आहे. ती जरूर राखावी, पण इंजिन बंद करून. मुले त्याच फुटपाथवर खेळत असतात आणि त्यांची तोंडे नळीच्या उंचीवर असतात.